सर्वानुमते

उदयसिंहराव पिसाळ रंगवेल सोसायटीचे सेक्रेटरी कधी झाले, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, कारण निम्मे लोक त्यांच्यानंतर राहायला आले. बडोद्यातल्या मांजलपुरातली छत्तीस टेनामेंट, म्हणजे बैठी जोडघरं, मधोमध एक कॉमन प्लॉट, त्यात एक कडुनिंब आणि पाण्याची टाकी, एवढाच मुलूख. पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात जमादार होते, आजोबा फौजेत, वडील पोलिसात आणि उदयसिंहराव वीज मंडळाच्या ऑफिसात हेडक्लार्क. तलवार घसरत घसरत पेनावर आली, असं ते स्वतःच म्हणत. हुकूम सोडायची हौस मात्र पेनात मावेना. ती बावीस वर्षांपूर्वी सोसायटीत मावली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

माणूस प्रामाणिक, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टाकी दर तीन महिन्यांनी धुतली जाई आणि ते स्वतः शिडीवर उभे राहून ती धुऊन घेत. गेटवरचा दिवा गेला की दुसऱ्या दिवशी नवा लागलेला असे. कुणाकडे कुणी वारलं की पहिला फोन त्यांना, आणि शववाहिनीपासून चहापर्यंत सगळं तेच बघत. त्यांच्यात खोट एकच होती, ती म्हणजे त्यांना विचारायची सवय नव्हती. ते ठरवत, ठरवलेलं ठरावबुकात सुवाच्य गुजरातीत लिहीत आणि शेवटी लिहीत, 'सर्वानुमते मंजूर'. हा शब्द गुजरातीतही असाच आहे, त्यामुळे बदलायची तोशीस नव्हती. मग वॉचमन ती वही घेऊन घरोघरी बेल वाजवत फिरे. लोक दारातच सही करत. कणीक मळणारी बाई असली तर हात धुऊन येई आणि सही करी. वाचत कुणीच नसे. वर्षातून एकदा कॉमन प्लॉटमध्ये सभा होई. तिला लोक येत ते फाफडा-जलेबीसाठी, आणि यात कुणाला काही गैर वाटत नसे.

सोसायटीत मराठी घर पिसाळांचं एकच उरलं होतं. उदयसिंहरावांच्या पत्नी प्रेमलाबाई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. गुजराती त्या फर्डं बोलत, वाचतही, पण लिहायची वेळ आली की हात बाळबोध लिपीकडेच वळे. त्यातही त्यांची एक खोड होती. त्या आधी डोक्यावरची रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. दुधवाल्यासाठी दाराला लावलेली चिठ्ठीही अशीच असे. दुधवाला गुजराती. चाळीस वर्षं मुलांना रेघेखाली अक्षर काढायला शिकवलं, आता दुधवाल्यानेही शिकावं, असा त्यांचा खाक्या होता. तो शिकलाही.

त्यांची एकुलती एक मुलगी मृदुला. सयाजीगंजातल्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकली आणि मग अलकापुरीत, चीनहून मशिनं मागवणाऱ्या एका ऑफिसात लागली. तिथल्या पत्रव्यवहारापायी आधी कामापुरती आणि मग हौसेने चिनी भाषा शिकली. एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने तिला एम.ए.ला घेतलं आहे, शिष्यवृत्तीसकट.

"विषय काय?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"चायनीज सोसायटी अँड पॉलिटिक्स."

आता बडोद्यात 'चायनीज' म्हटलं की हातगाडीवरचं मंचुरियन, आणि 'सोसायटी' म्हटलं की गेट, वॉचमन आणि पाण्याची टाकी. उदयसिंहराव मंचुरियनला फसले नाहीत, पण सोसायटीला सपशेल फसले. मुलगी बापाच्याच वाटेने निघाली याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जास्तीची पोळी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉमन प्लॉटमध्ये त्यांनी जाहीर केलं, की चीनमधल्या सोसायट्यांचं राजकारण शिकायला मृदुला परदेशी चालली आहे, त्यात आता एम.ए. निघालंय.

अकरा नंबरचे वसंतभाई म्हणाले, "तो तो आपणे त्यां पीएच.डी. थाय."

मग आपल्याकडे तर पीएच.डी.च होईल, यावर सगळे हसले. उदयसिंहराव सगळ्यांत जास्त हसले. अहमदाबादच्या विमानतळावर त्यांनी मृदुलाच्या हातात दोन पानी टिपण ठेवलं. भाडेकरू कसे पारखावेत, पार्किंगची भांडणं कशी मिटवावीत, कुत्री पाळणाऱ्यांशी कोणत्या आवाजात बोलावं, असे सतरा मुद्दे त्यात होते. तिने ते विमानात वाचलं आणि पोहोचल्यावर फोन केला.

"बाबा, सोसायटी म्हणजे समाज हो. चिनी समाज आणि तिथलं राजकारण. आपल्यासारखी सोसायटी नाही."

"असं होय," उदयसिंहराव म्हणाले. पुढे दोन दिवस ते कॉमन प्लॉटकडे फिरकले नाहीत. पण शेजाऱ्यांची समजूत त्यांनी दुरुस्त केली नाही. एवढ्या मोठ्याने सांगितलेली गोष्ट परत घेणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं.

पण कधीकधी चुकलेल्या माणसाच्या मदतीला नशीब धावून येतं. फेब्रुवारीत मृदुलाचा पुन्हा फोन आला. आवाजात हसू होतं.

"बाबा, तुमचंच खरं निघालं. चीनमधल्या शहरांतही आपल्यासारख्या सोसायट्या आहेत. गेट, वॉचमन, कमिटी, सगळं. घरमालकांची कमिटी कशी चालते यावर तिकडे ढिगाने अभ्यास झालाय. मी माझा प्रबंध त्यावरच लिहितेय. सरांना सहज म्हटलं, माझे वडील बावीस वर्षं अशा कमिटीचे सेक्रेटरी आहेत, तर ते म्हणाले, मग तुलनेसाठी एक प्रकरण त्यांच्यावरच लिही."

उदयसिंहरावांनी फोन कानाला तसाच धरून खुर्ची ओढली आणि बसले. सुख असं अचानक आलं की उभ्याने सोसत नाही.

त्यानंतर दर रविवारी बाप-लेकीची शिकवणी सुरू झाली. मृदुला चिनी कमिट्यांच्या नोटिसा मराठीत सांगे. कुणी जिन्यात सायकली लावतं, कुणी गच्चीवर भाजी पिकवतं, लिफ्ट महिनाभर बंद आहे. उदयसिंहराव मांडीवर थाप मारत. "हा तर आपला वसंतभाई. नाव फक्त चिनी." ते तिला व्यवहारातल्या खाचाखोचा सांगत, ती लिहून घेई. मधूनच ते चिनी माणसांची कीव करत. "पण तिकडे काय गं, एकच पक्ष. वरून सांगितलं की खाली सगळ्यांनी हात वर करायचे. आपल्याकडे तसं नाही."

एप्रिलमधल्या एका रविवारी मृदुला म्हणाली, "बाबा, जानेवारीत पदवीदान आहे. तुम्ही दोघं या. पंधरा दिवस राहा."

"आम्हाला कुठलं जमतंय," उदयसिंहराव लगेच म्हणाले. "जानेवारीत टाकीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. तू फोटो पाठव, आम्ही इथून बघू."

प्रेमलाबाई शेजारी मेथी निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

मग मृदुलाने ठरावबुकं मागितली. उदयसिंहरावांनी बावीस वर्षांच्या सगळ्या वह्या सयाजीगंजातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन स्कॅन करून घेतल्या. दुकानदाराने कंटाळून विचारलं, "काका, कोर्टनो केस छे?" तेव्हा ते म्हणाले, "ना भाई. इंग्लंडमां भणावशे." इंग्लंडमध्ये शिकवणार, हे तर त्यांनी घरी येऊन तीनदा सांगितलं.

वह्या वाचून झाल्यावर मृदुलाने फोन केला तो नेहमीच्या वेळेला नाही, मंगळवारी संध्याकाळी. विद्यापीठाचा नियम असा, की ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची संमती हवी. सोसायटीची लेखी परवानगी महिन्याभरात मिळाली नाही तर ते प्रकरण गाळावं लागेल.

"एवढंच ना," असं म्हणून उदयसिंहरावांनी दुसऱ्याच दिवशी ठराव लिहून पाठवला. कुमारी मृदुला पिसाळ यांना अभ्यासासाठी वह्या वापरण्यास रविवारच्या सभेत सर्वानुमते परवानगी देण्यात येते. खाली सही, शिक्का.

तिचा फोन तासाभरात आला. "बाबा, रविवारी सभा झाली?"

"सभा कशाला हवी? कुणी नाही म्हणणार आहे का?"

"विचारलं कुणाला?"

"मृदुला, हे माझे लोक आहेत. मला माहीत आहे."

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच उदयसिंहरावांना जड गेलं. "बाबा, मी मोजलं. बावीस वर्षांत दोनशे चौदा ठराव, आणि दोनशे चौदा वेळा सर्वानुमते. एकदा तरी कुणी नाही म्हणालं का?"

"नाही."

"का बरं?"

"लोक खूश आहेत म्हणून."

"इकडे मी ज्या कमिट्यांचं वाचते ना, त्याही असंच लिहितात," मृदुला म्हणाली. "चिनीत त्याला चार अक्षरांचा शब्द आहे. प्रत्येक नोटिशीच्या शेवटी तो असतोच. आमचे सर म्हणतात, हा शब्द दिसला की समजावं, कुणी विचारलेलं नाही."

उदयसिंहरावांनी फोन ठेवला. त्यांना राग आला होता आणि अपमानही वाटला होता. दिव्याखाली अंधार, असं पोटच्या पोरीने परदेशातून दाखवावं. रात्री ते जेवले कमी. सकाळी मात्र त्यांच्यातला जमादार जागा झाला. एकदा होऊनच जाऊ दे, ते म्हणाले. गुप्त मतदान घेऊ. मृदुलाच्या परवानगीवर घेऊ आणि सेक्रेटरीपदावरही घेऊ. लोक खूश आहेत की नाहीत ते चिठ्ठीवर दिसेल आणि तो आकडा तिच्या प्रबंधात छापून येईल. तीस मतं कुठे गेली नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

पण मतदानाला समोर कुणीतरी लागतं. एकोणीस नंबरचा हार्दिक अडतीस वर्षांचा होता, अलकापुरीत एका बँकेत काम करी. दोन वर्षांपासून तो म्हणत होता, की ठराव सहीला पाठवायच्या आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, लोक वाचतील. उदयसिंहराव त्यावर म्हणत, अजून लहान आहे. आता ते स्वतः त्याच्या दाराशी गेले.

"ना काका, तमे छो ने," तुम्ही असताना मी कशाला, अशा संकोचाने हार्दिक म्हणाला.

"तू उभो रहे. सामे कोई ना होय तो मत शानुं?" असं म्हणून त्यांनी त्याला उभं केलं. आपला प्रतिस्पर्धीही त्यांनी आपणच नेमला, आणि त्याला विचारलं असंही म्हणता येणार नाही.

जूनमधल्या पहिल्या रविवारी सकाळी कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. आदल्या दिवशी उदयसिंहरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या होत्या. मिठाईच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून पेटी केली होती. सोसायटीचे छापील नियम त्यांनी सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवले. एका घराला एक मत. घर दोघांच्या नावावर असेल तर मत पहिल्या नावाचं. त्यांच्या स्वतःच्या घरावर पहिलं नाव प्रेमलाबाईंचं होतं, कारण घर घेताना बाईच्या नावावर नोंदणीला सवलत मिळत होती. "म्हणजे मला मत नाही," असं सांगून त्यांनी लोकांना हसवलं आणि बायकोच्या हातात चिठ्ठी स्वतःच नेऊन दिली. तिला काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

एका घराला कुलूप होतं, मालक कॅनडात. पस्तीस मतं पडायची होती.

मृदुलाच्या परवानगीचं मतदान आधी झालं. एकतीस हो, चार नाही. वह्या परदेशात वापरायला चार जणांचा विरोध आहे, ही बातमी उदयसिंहरावांना नवी होती. हे चार कोण, म्हणून त्यांनी समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसले.

मग दुसऱ्या चिठ्ठ्या पडल्या. मोजायला ते, हार्दिक आणि वसंतभाई बसले. उदयसिंहराव एकेक चिठ्ठी उघडत, नाव वाचत आणि वसंतभाई पाटीवर रेघ मारत. सगळी नावं गुजरातीत, बिनरेघेची. उदयभाई. हार्दिक. काका. हार्दिक. हार्दिक. उदयभाई. दहा-बारा चिठ्ठ्या झाल्यावर उदयसिंहरावांच्या लक्षात आलं, की तीस हा आकडा आता विसरावा. पण ते वाचत राहिले.

विसावी की एकविसावी चिठ्ठी त्यांनी उघडली. तिच्यावर आधी एक सरळ रेघ ओढलेली होती, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जरुरीपेक्षा लांब. रेघेखाली तीन अक्षरं टांगलेली होती.

हार्दिक.

उदयसिंहरावांनी नाव वाचलं. आवाज हलला नाही, एवढं खरं. चिठ्ठी घडी करून त्यांनी हार्दिकच्या ढिगावर ठेवली आणि पुढची घेतली. शेजारी बसलेल्या हार्दिकलाही ती रेघ दिसली होती. तो पायाजवळची निंबोळी उचलून बोटांत फिरवत बसला.

हार्दिक एकोणीस, उदयसिंहराव सोळा.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. शेवटी उदयसिंहरावांनीच हार्दिकचा हात धरून त्याला उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. फाफडा-जलेबी आली, लोकांनी खाल्ली. सोळा मतवाले आणि एकोणीस मतवाले सगळेच येऊन म्हणाले, "काका, अमे तो तमने ज आप्यो." मत तुम्हालाच दिलं, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला ते "हो हो" म्हणत राहिले. हार्दिक सोडून सगळे गेल्यावर त्यांनी कडुनिंबाखाली बसून ठरावबुकात दोन्ही निकालांचा मिळून शेवटचा ठराव लिहिला. शेवटच्या शब्दाशी पेन थबकलं. 'बहुमतीथी', म्हणजे बहुमताने, या गुजराती शब्दातल्या 'त'ची वेलांटी कुठली, पहिली की दुसरी, हे त्यांना आठवेना, कारण बावीस वर्षांत तो लिहायची वेळच आली नव्हती. त्यांनी हार्दिकला विचारलं. त्याने सांगितली. मग लिहून त्यांनी वही, शिक्का आणि टाकीची किल्ली त्याच्या हवाली केली.

घरी प्रेमलाबाई पानं मांडत होत्या. उदयसिंहराव हातपाय धुऊन पाटावर बसले. वरण-भात कालवला, पण घास उचलला नाही.

"आधी रेघ ओढायची तुझी सवय काही गेली नाही," ते म्हणाले.

प्रेमलाबाईंनी वाढता हात थांबवला. त्या लपवालपवीच्या बाई नव्हत्या. "नाही गेली," त्या म्हणाल्या.

"मला सांगायचं होतंस."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. बावीस वर्षांत विचारलंत कधी?" त्यांनी पोळी त्यांच्या पानात ठेवली. "जानेवारीचं तुम्ही मृदुलाला सांगून टाकलंत. मी तिथेच बसले होते, मेथी निवडत. माझी मुलगी पदवी घेणार आणि मी फोटो बघायचा. का, तर टाकी."

उदयसिंहरावांना बायकोचा राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडेना. जे सापडलं ते जास्त वाईट होतं. मेथी निवडणारी प्रेमला त्यांना स्पष्ट आठवत होती, निवडलेल्या पानांचा ढीगसुद्धा आठवत होता, पण तिचा चेहरा आठवत नव्हता. त्यांनी तो बघितलाच नव्हता. ते खाली मान घालून जेवले आणि आज पहिल्यांदाच आपलं ताट आपण उचलून नेलं.

संध्याकाळी मृदुलाचा फोन आला. "काय झालं बाबा?"

"तुझी परवानगी मिळाली. एकतीस विरुद्ध चार. खरी आहे, हवं तर चिठ्ठ्या पाठवतो."

"आणि तुमचं?"

"एकोणीस-सोळा. मी सोळा."

तिने विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय," उदयसिंहराव म्हणाले. "पण तू लिही. दोनशे चौदा सर्वानुमते आणि एक बहुमताने, असं लिही. मोजणी पक्की आहे."

"लिहिते." तिने घाईने विषय बदलला. "बाबा, मग आता जानेवारीत या ना. टाकी आता हार्दिकभाई बघतील. येताय ना दोघं?"

'येतो' हा शब्द उदयसिंहरावांच्या ओठांवर आलेला होता. दोघांचाही, एका दमात, नेहमीसारखा. त्यांनी तो गिळला.

"थांब," ते म्हणाले. "फोन ठेवू नकोस."

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. प्रेमलाबाई दुधवाल्याची चिठ्ठी लिहायला बसल्या होत्या. रेघ ओढून झाली होती, अक्षरं अजून यायची होती.

"प्रेमला," त्यांनी विचारलं, "आपण जायचं का?"